रोट आणि वॉर्ड

आबा,

आत्ताच तुमच्या सुनेच्या घरून आले. खरं तर तुमच्या घरून, असं म्हणायला हवं, पण आता त्या दारावर पाटी तिच्या नावाची आहे आणि खाली बारीक अक्षरात 'माजी नगरसेविका'. पाटी पितळेची. दर सणाला चिंच लावून घासते ती, लखलखीत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझेच गुडघे आता जिना चढताना बोलतात, तरी ती पाटी दिसली की माझ्या पोटात दुखतं. लोक म्हणतात नणंद-भावजयीत किती गोडी आहे. आहे ना. गोडी वरून आहे आणि हेवा आतून आहे, आणि दोन्ही खरं आहे. हे तुमच्याखेरीज कुणाला सांगणार?

जळगावला लागून असलेलं पिंप्राळ्याचं आपलं कापसाचं वावर आठवतं? तुम्ही त्याचे प्लॉट पाडलेत तेव्हा मी कॉलेजात होते. मग धुळ्याकडून, साक्रीकडून, पिंपळनेरहून बदलीवर आलेली माणसं तिथं घरं बांधू लागली. मास्तर, बँकेतले, एसटीतले. घरं झाली, पण नळ नाही, गटार नाही, खांबावर दिवा नाही. टँकर आला की हंडे घेऊन आख्खी गल्ली धावायची. सगळे तुमच्याकडेच यायचे. आई म्हणायची, प्लॉट विकून मोकळे झालात ना, आता कशाला? तुम्ही स्कूटरला किक मारत म्हणायचात, "वावर मी इकं, ते पानीबी मालेच दखनं पडी." मागच्या सीटवर मी, मांडीवर माझ्या अक्षरातला अर्ज. नगरपालिकेतले साहेब मला ओळखायला लागले होते. एकदा तुम्ही स्वतः उभे राहिलात आणि पडलात. गावातले म्हणाले, हा आता कॉलनीवाल्यांचा झाला. कॉलनीतले म्हणाले, हा शेवटी गावातलाच. तुम्ही घरी येऊन अंगणात स्कूटर धुवत बसलात. मी चिंध्या पिळून देत होते. त्या दिवशी मनात म्हटलं होतं, पुढच्या खेपेला आपण दोघं निवडून येऊ. 'दोघं' म्हटलं होतं, हे लक्षात ठेवा.

पुढे माझं लग्न धुळ्याला झालं, पण तुमच्या जावयाची बदली जळगावला झाली आणि आम्ही तुमच्याच वावरात, दोन गल्ल्या सोडून, घर बांधलं. "लेक वावरमाच ऱ्हायनी," असं तुम्ही येईल त्याला सांगायचात. मला ते ऐकायला फार आवडायचं. मग श्रावणात घरी देवी, आपली कानबाई, बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच आले, पूर्वीसारखंच देवीचं सामान मांडलं, पुरण वाटलं, गाणी म्हटली. प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू मोजून घेताना आईचा हात माझ्या नावाशी थांबला. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, लग्न झालेल्या लेकीला चालत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? जन्मभर आत्याबाईला वेगळ्या ताटात पुरणपोळी वाढलेली बघितली होतीच. पण आपल्यावर आलं की नियम नवा वाटतो. मी हसून म्हटलं, "आबा, लग्नाआधी चालत होतं, आता काय मी बाटले?" तुम्हीही हसलात. "देवीना नेम शे, पोरी." त्याच पंगतीत, फैजपूरहून येऊन तीन महिने झालेली आपली नवी सून, माझी वहिनी, डोक्यावरचा पदर सांभाळत रोट खात होती. मी तिच्या ताटाकडे पाहिलं. तो पहिला हेवा. तेव्हापासून वाढत्या अंगाचाच आहे.

आता मुख्य दिवस. नगरपालिकेच्या निवडणुकीची सोडत निघाली आणि आपला वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. गल्लीत माणसं मला बघून हसू लागली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आता तुम्हीच, दुसरं आहे कोण?" मी वरवर इश्श केलं आणि दुसऱ्याच दिवशी गावातल्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतला. डोक्यावर पदर, मोरपंखी साडी, नजर किंचित वर, जनतेकडे. पोस्टरला कसा दिसेल म्हणून आरशात तोंड करून बघून ठेवलं होतं. फोटोचं पाकीट पर्समध्ये घालून दुपारी तुमच्याकडे जेवायला आले. तुम्ही पाटावर, वहिनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती, मी समोर बसले होते आणि पर्स मांडीवर.

तुम्ही ठेच्याला बोट लावून म्हणालात, "पोरी, तुले काय वाटस? कोनले उभं करानं?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

"तसं नही. तू सांग."

"मी काय सांगणार आबा? तुम्ही ठरवा."

आपल्याकडे पंगतीत पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा वाढणारा ऐकत नाही, ताटात टाकतोच, आणि मग आपण 'अहो, कशाला' म्हणत खायचं. मी तिसऱ्या वेळेची वाट बघत होते. पर्सची चेन निम्मी उघडूनही ठेवली होती. तुम्ही भाकरी संपवलीत, ताटात हात धुतलात आणि म्हणालात, "मंग सूनलेच करूत. नाव आपला घरनं ऱ्हाई." वहिनीनं वर पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली फक्त. मी चेन लावली.

मला वाटलं, पुन्हा तोच रोटाचा नेम. लेकीचं आडनाव दुसऱ्याचं, मग वॉर्डही दुसऱ्याचा.

आणि तरी प्रचाराला सगळ्यात जास्त हिंडले कोण? मीच. हेवा करणारं माणूस घरी बसून राहत नाही आबा, त्याला जवळून बघायचं असतं. चिन्ह मिळालं कंदील. विरोधकांनी चेष्टा सुरू केली, "दिवे आणतो म्हणतात आणि हातात कंदील देतात." मी दारोदार त्याला उत्तरं दिली. वहिनीचं भाषण मी लिहिलं, 'बंधू-भगिनींनो'पासून 'जय महाराष्ट्र'पर्यंत, आणि मास्तरांच्या ओट्यावर सभा ठेवली. ती उभी राहिली आणि दुसऱ्याच वाक्याला अडकली. पाठ केलेलं गेलं सगळं. मी मागे उभी होते. खरं सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, आता कळेल आबांना. तेवढ्यात तिनं पदर खोचला आणि तिच्या माहेरच्या बोलीत सुरू झाली. "आमच्या फैजपूरकडे केयीच्या बागेले बी पानी पुरतं. अठी मानसाले पुरत नही. मंग मानसापेक्षा केयी बरी का वं माय?" माणसापेक्षा केळी बरी, हे ऐकून बाया खो-खो हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "ही आपली शे." झालं. माझं शुद्ध मराठी भाषण तिच्या मुठीत चोळामोळा होऊन पडलं होतं. मला जे लिहिता येत होतं ते तिला येत नव्हतं, पण तिला जे आलं ते मला सात जन्मात येणार नव्हतं, आणि हे तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसून, मान डोलवत बघत होतात.

निवडून आली. तुम्ही तिच्या कपाळाला गुलाल लावलात. माझ्या अंगावर गुलाल होता, पण तो वाऱ्यानं आलेला. मग दिवे आले, पाण्याची टाकी झाली, आणि तुमचं ते सुरू झालं, "आमनी नगरसेविका". पेपरवाला आला तरी आमनी नगरसेविका, दूधवाला आला तरी तेच. शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसलेले असायचे, आणि तुम्ही डोळे उघडून विचारायचात, "नगरसेविका मीटिंगमाईन ऊनी का?" मी म्हणायचे, येईल. उशी मात्र जरा जोरात थोपटायचे.

आज कानबाईचा दिवस. घरात आता मोठी तीच. मी पुरण वाटून दिलं, ती रोट लाटत होती. काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांचं तोंडून निघून गेलं. म्हटलं, "तुमचं नशीब वहिनी. तुम्हाला रोटही मिळाला आणि वॉर्डही मिळाला."

ती चिडली नाही. लाटणं थांबवून म्हणाली, "रोट भेटला, ताई. वार्ड मले भेटला नही. मी मांगला."

"कधी?"

"त्याच दिशी, सकायी. आबा गोठ्यात होते. मी जाऊन म्हनलं, आबा, मले उभं करा. दहा वर्सं झाली चुलीपुढं, मले काहीतरी करू द्या. ते म्हने, पहिले लेकीले इचारतो. तिनं हो म्हनलं तं तिचं."

"मग?"

"मंग काय? तुम्ही होत्याच ना जेवाले." ती पुन्हा लाटायला लागली. "मी भाकरी थापत होती, अन् देवीले म्हनत होती, ताईनं हो नको म्हनू दे."

आबा, तुम्ही दोनदा विचारलंत. मला वाटत राहिलं की तुम्ही विचारलंच नाही. तुमचा नंतरचा तो नावाचा नेम मी इतकी वर्षं चघळत बसले, आणि आधीचे दोन प्रश्न माझ्याच कानात पडून होते. आता राग कुणाचा करायचा? तिसऱ्यांदा विचारायला तुमचं काय जात होतं, असं अजून मनात येतं. येऊ दे. पण तिचा हेवा काही सुटला नाही. उलट नवा फुटला. पाटी गेली खड्ड्यात. डोक्यावर पदर असलेली, परक्या गावची, सासऱ्यापुढे उभी राहतानाही अंग चोरणारी बाई गोठ्यात गेली आणि ते वाक्य तिनं तोंडातून काढलं. मी तुमच्या स्कूटरवर वाढलेली लेक, मला ते जमलं नाही. हे तिचं मला हवं होतं.

आरती झाली. पंगत बसली. माझ्यापुढे नेहमीप्रमाणे पुरणपोळीचं वेगळं ताट आलं. मी ते बाजूला सरकवलं आणि म्हटलं, "वहिनी, मला रोट द्या." सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनीनं एकदा देवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटातला रोट मोडून अर्धा माझ्यापुढे ठेवला. मी खाल्ला. तूप कमी होतं, पण चव तीच, लग्नाआधीची.

हा कागद आता कपाटात जाईल, त्या फोटोंच्या पाकिटात. तेही कुणापर्यंत पोचले नाहीत. फक्त एक सांगायचं राहिलं. खाऊन झाल्यावर वहिनीनं विचारलं, "अजून घेता का, ताई?" आणि जुन्या सवयीनं मी नको म्हणून बसले. तिनंही मग ताट उचललं.

हवा होता, आबा.