नदीपलीकडची बस

३ सप्टेंबर, बुधवार

गाडी गेली. विमा, पेट्रोल, गॅरेजचं भाडं – पेन्शनीत बसत नव्हतं. गिऱ्हाइकाने टायरवर लाथ मारून पाहिली, किल्ली घेतली आणि गेला. मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं.

आता पेन्शनरांचं बसकार्ड. मशीनला टेकवलं की पीं वाजतं, बास. ड्रायव्हर म्हणाला, "या आजोबा!" मी म्हटलं, "आजोबा कोणाला म्हणतोस रे? मला नातू दाखव आधी." तो हसला. मागचे लोकही हसले.

बायको, प्रेसेन, खूश आहे. "आता तरी माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर पडशील," म्हणाली.

५ सप्टेंबर

बसने हिंडायचं तर दोन गोष्टी लागतात – वेळ आणि चांगले बूट. दोन्ही आहेत. आमच्या देलिसियास वस्तीतून मंडईपर्यंत चालत, तिथून कुठलीही बस. उकडत असलं तर ड्रायव्हरमागची सावलीची बाजू. ट्रॅममध्ये गर्दी असते, ती पर्यटकांना ठेवावी. भाड्याच्या सायकली दिसतात जागोजागी. त्यांच्या नादी मी लागणार नाही. सिएर्सो सुटला की हा वारा चांगल्या तरण्या माणसाला आडवा करतो.

संध्याकाळी निवृत्तांच्या क्लबात पत्ते. ब्लासने विचारलं, "काय एलादियो, तुझा जर्मन काय म्हणतो?" सांगितलं – पवनचक्क्यांच्या कंपनीत आता नेस्तोरच्या, आमच्या पोराच्या, हाताखाली माणसं आहेत. ब्लास म्हणाला, "इथे काय वारा कमी होता म्हणून हॅम्बर्गला गेला?" सगळे हसले. मीही. पण डाव मी जिंकला.

७ सप्टेंबर, रविवार

नेस्तोरचा फोन. नेहमीसारखं प्रेसेन स्वयंपाकघरात दार लोटून बोलत बसली. शेवटी मला अर्धं मिनिट. "कसा आहेस?" "बरा, बाबा." "हवा कशी आहे?" "पाऊस." "जेवलास?" "हो." आमच्यात एवढंच असतं. लहानपणापासून तसंच.

११ सप्टेंबर

काही काम नव्हतं, म्हणून नदीपलीकडच्या कारखान्यांच्या वसाहतीत जाणारी बस धरली, शेवटच्या थांब्यापर्यंत. मागच्या सीटवर बसलो होतो. लास फुएन्तेसच्या थांब्यावर चारपाच माणसं चढली. त्यातला एक नेस्तोर.

करडा कामाचा डगला. खांद्याला पिशवी. टाळूवरचे केस विरळ झालेत – मागून अगदी माझा धाकटा भाऊ दिसत होता, म्हणून आधी वाटलं की भासच. मग त्याने डोकं खिडकीला टेकवलं. शाळेच्या सहलीत टेकवायचा तसंच.

हॉटेलांच्या चादरी धुणारा एक कारखाना आहे, त्याच्या फाटकापाशी उतरला. मी हाक मारली नाही. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, संपली बस." म्हटलं, "माहीत आहे. परत कधी सुटते?"

घरी प्रेसेनने विचारलं, "कुठवर गेलास?" म्हटलं, "असाच. नदीपलीकडे."

१२ सप्टेंबर

पुन्हा गेलो. चूक नाही. तोच आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

फोन. मी विचारलं, "कामावर कसा जातोस रे?" "ट्रेनने. लांब पडतं." "बसायला मिळतं?" "मिळतं, बाबा." मी प्रेसेनकडे फोन दिला. ती त्याला म्हणाली, "मफलर घालत जा." आमच्या खिडकीत ऊन इतकं होतं की अर्धा पडदा ओढावा लागला.

बिचारीला काय माहीत!

१७ सप्टेंबर

रोज जातोय. तो पुढच्या दाराशी उभा राहतो, मी मागे टोपी ओढून. त्याच्याबरोबर एक सेनेगाली माणूस चढतो, दोघं काहीतरी बोलून हसतात. नेस्तोरला हसताना पाहून किती दिवस झाले, आठवत नाही.

का बोलत नाही मी? रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये असताना चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचो – तडा असला तर चाक बद्द वाजतं. तडा सापडला म्हणून कोणी तिथल्या तिथे चाक काढत नाही. आधी गाडी थांबवतात. माझी कुठे थांबवायची, ते मला समजत नाही.

क्लबात गेलो नाही. ब्लास विचारेल.

२३ सप्टेंबर

सिएर्सो. थांब्यावरची कचऱ्याची पेटी लोळत गेली. बस गच्च, आणि तो आत चढला तेव्हा माझ्या शेजारचीच जागा रिकामी. फोनवर काहीतरी बघत बसला. खांद्याला खांदा लागला. "माफ करा," म्हणाला आणि मग वर पाहिलं.

"बाबा."

"बस. बसलायस तर बस."

पांढरा पडला. पूल संपला. मग मी विचारलं, "कधी आलास?"

"फेब्रुवारीत. विभागच बंद केला त्यांनी. तिथलं घरभाडं... नाही जमलं."

"आणि घरी यायचं सुचलं नाही?"

"घरी?" तो हसला, पण चांगला नाही हसला. "मागच्या नाताळात तू मला क्लबात घेऊन गेलास. आठवतं? दारापासून बारपर्यंत दरेक टेबलाशी थांबवलंस. त्या ब्लासला माझा पगार सांगितलास. मला विचारून नाही, मला उभा करून."

"मी काय वाईट सांगितलं?"

"काही वाईट नाही. म्हणूनच तर. त्या टेबलांमधून परत कसं येऊ, सांग तू."

पलीकडच्या सीटवरच्या बाईने मान वळवली आणि पुन्हा सरळ केली.

"आईला कळता कामा नये," मी म्हटलं. "तिला सोसायचं नाही. ती त्या फोनवर जगते."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "बरं," म्हणाला. "तू म्हणशील तसं."

त्याचा थांबा गेला. मग तो पुढच्या थांब्यावर उतरून वाऱ्यात वाकून धावत मागे गेला. उशीर झाला असेल त्याला. माझ्यामुळे.

२५ सप्टेंबर

आज त्याने माझ्यासाठी जागा धरली होती.

२६ सप्टेंबर

बटाट्याच्या ऑम्लेटचा पाव नेला, अर्धा अर्धा. प्रेसेन म्हणाली, "एका माणसाला एवढा?" म्हटलं, बसमध्ये भूक लागते.

तो तिघांबरोबर एका खोलीत राहतो. चादरी वाफेतून निघतात, त्या दोन माणसांनी धरून घडी घालायच्या – त्याचा जोडीदार तोच सेनेगाली. नाव मामादू. तो पलीकडून म्हणाला, "तुमचा मुलगा कोपरे नीट जुळवत नाही." मी म्हटलं, "अंथरुणसुद्धा आईच घालायची याचं." नेस्तोर म्हणाला, "झालं? दोघं मिळून सुरू?" तोंडात घास असतानाच हसला.

मी विचार करत होतो – घरच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही इतकं कधी बोललो? बसमध्ये बरं असतं. समोरासमोर बसावं लागत नाही. थांबा आला की गोष्ट आपोआप थांबते.

२८ सप्टेंबर, रविवार

फोन. आता मीही नाटकात. मोठ्याने ओरडलो, "विचार त्याला, हॅम्बर्गला धुकं पडायला लागलं का!" प्रेसेनने फोन कानाला तसाच ठेवून शांतपणे सांगितलं, "लागलं म्हणे." मला हसू आवरेना, न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. नंतर हसू गेलं. नळ वाहत होता.

किती सहज फसते ही.

२ ऑक्टोबर

क्लबात गेलो. बसायच्या आधीच ब्लास – "आला, आला! होता कुठे? जर्मनीला जाऊन आलास की काय? काय म्हणतो साहेब?"

मी टोपी काढली. म्हटलं, "साहेब इथेच आहे. फेब्रुवारीपासून. नदीपलीकडे चादरी धुतो."

पत्ते वाटणाऱ्याचा हात थांबला. बारमागच्या बाईने कॉफीचं यंत्र बंद केलं, की मला तसं वाटलं. मी ब्लासच्या टोमण्याची वाट पाहत होतो. चांगला मोठा येईल असं वाटलं होतं, आणि तो घ्यायची माझी तयारी होती.

ब्लास म्हणाला, "माझा तीन वर्षं घरात बसलाय. दुपारी उठतो. तुझा निदान बस तरी पकडतो." मग पत्ते उचलले. "खेळणार आहेस की उभाच राहणार?"

खेळलो. हरलो. घरी चालत आलो, बस घ्यावीशी वाटली नाही.

३ ऑक्टोबर

नेस्तोरला सांगितलं, क्लबात बोललो म्हणून. त्याने विचारलं, "सगळ्यांसमोर?" "सगळ्यांसमोर." "आणि?" "आणि काय, डाव हरलो." तो उतरताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठला. पूर्वी कधी ठेवला नव्हता.

५ ऑक्टोबर, रविवार

आज प्रेसेनला सांगायचं ठरवलं होतं. ती भाजी निवडत होती, बोर्राखाच्या देठांची लव काढत होती, आणि रेडिओबरोबर गुणगुणत होती. आता इतकी बरी दिसतेय बाई, हिच्यावर हे कसं घालू? मी म्हटलं, "प्रेसेन." ती म्हणाली, "हं?" मी म्हटलं, "मीठ कमी घाल." तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीठ मीच शोधून काढलंय.

मित्रांना सांगितलं, बायकोला नाही! शाबास, एलादियो.

९ ऑक्टोबर

पिलार देवीचे उत्सव सुरू. गाव माणसांनी भरलंय, बस कुठेही वळतात, कुठेही सोडतात. परतताना नेस्तोर कामावरून सुटून बरोबर होता. दोघं दगडी पुलावरून चालत आलो. एब्रो नदीला पाणी कमी आहे. ढोल वाजवणारी पोरं समोरून आली, आम्हाला कठड्याला दाबून पुढे गेली.

तो आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला. वर आमच्या खिडकीत दिवा होता. म्हटलं, "चल वर. मी सांगतो तिला काहीतरी. विमानाचं वगैरे."

"विमानाचं काय सांगणार तू?"

"की अचानक आलास. उत्सवाला."

"मग परत कधी जाणार मी, बाबा? तेही तूच सांगणार?"

तो खिडकीकडे बघत उभा राहिला. मग मामादू वाट बघत असेल म्हणाला आणि गेला. चालतच. सांगत होतो की पुढच्या चौकातून बस मिळेल. ऐकलं नाही.

११ ऑक्टोबर

उद्या सांगतो. फोन यायच्या आधी. ठरलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

दाढी करत होतो. अर्धा गाल झाला असेल, तर फोन वाजला – लवकर वाजला आज! साबण तसाच ठेवून धावलो. स्वयंपाकघराचं दार नेहमीसारखं लोटलेलं. आत प्रेसेन बोलत होती :

"ऐक, नेस्तोर. आज देवीला फुलं वाहायला अख्खं गाव लोटलंय, बस मधल्या भागात शिरत नाहीत, रेडिओवर सांगितलं. तू आधीच उतर आणि मागच्या गल्ल्यांनी चालत ये. आणि त्या मामादूलाही आण, एकटा कशाला बसेल खोलीत... हो, बाबा घरातच आहे. नाही रे बाबा! फेब्रुवारीत शब्द दिला तुला, तो पाळला. बाबाला एका अक्षराने सांगितलं नाही. पण आता बास. मांस ओव्हनमध्ये घातलंय मी."

दार उघडलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, साबणाकडे पाहिलं.

"काय बघतोस? तोंड धू आणि पाव घेऊन ये. चौघांना पुरेल असा."

आणला.