मोटरवर बोट

५ नोव्हें. २००६, रवि.
मोटर जळली. ह्या मोसमातली दुसरी. धायरीच्या तळ्यावर, खेळातल्या बोटींच्या शर्यतीत, तिसऱ्या फेरीत, सगळ्यांच्या देखत. बोट मधोमध उभी आणि जळक्या वार्निशचा वास काठापर्यंत. वीट आलाय. रफिकला तिथंच सुनावलं, "वाइंडिंग करतोस की गोधडी शिवतोस?" तीस वर्षं एका कारखान्यात, तो तार गुंडाळणार, मी मोटर तपासणार. व्हीआरएससुद्धा एकाच दिवशी घेतली. खेळातल्या बोटीतही वाटणी तीच. तो पिशवी उचलून गेला.

७ नोव्हें., मंगळ.
जावई खराडीहून आले. अमेरिकेतून आणलेलं तापमान मोजायचं पिस्तूल घेऊन. जुनी मोटर घालून बोट टबात बांधून चालवली. पिस्तूल म्हणे ९४. "बाबा, हे फारच हॉट आहे. पाण्यातला पंखा छोटा लावा, मोटर करंट कमी खेचेल."
आता हे शिकवणार! आमची रीत साधी. फेरी झाली की मी मोटरवर बोट ठेवायचं, रफिकनं मोठ्यानं मोजायचं. पाचच्या आत काढावं लागलं तर पंखा लहान. पाचपुढं टिकलं तर एक नंबर मोठा. माझं बोट आज आठपर्यंत टिकलं. "चायना माल असेल तुमचा," म्हटलं. हिरमुसले, पिस्तूल इथंच ठेवून गेले. हिरमुसू देत.

१० नोव्हें., शुक्र.
र.चा फोन नाही. मी करू? चूक त्याची आणि फोन मी...

१३ नोव्हें., सोम.
चहाचं पातेलं उतरवलं, गाळलं. सौ. किंचाळली, "अहो, सांडशी कुठाय? हात बघा तुमचा!" बोटाला टरारून फोड. मला पत्ता नाही. "त्या बोटीपायी बोटाचं भान उरलं नाही तुम्हाला."
डायबेटिसच्या डॉक्टरांनी मागंच बजावलं होतं, बधिरपणा येईल. पायांचं म्हणत असतील, असं मी धरून चाललो.

१४ नोव्हें., मंगळ.
टबात पुन्हा. पिस्तूल ९१. बोट: आठ, नऊ, दहा. काही नाही. पंधरा. काही नाही.
म्हणजे मोटर उकळत होती आणि मी पंखे वाढवत होतो. दोन्ही मोटरी मी जाळल्या. गोधडी म्हणालो त्याला, चारचौघांत. शी! माझीच मला किळस आली.

१८ नोव्हें., शनि.
र.च्या घरी. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तर ह्यानं नवी मोटर गुंडाळून तयार ठेवलेली. "तू बोललास ते बरोबर होतं यार. तारेचं इनॅमलच खराब असणार. ह्या वेळी चांगली तार घातली." भाभींनी चहा दिला. प्यायलो आणि परत आलो. भेकड.

१९ नोव्हें., रवि.
पहिल्या फेरीत दुसरे. पिस्तूल खिशात होतं. र.नं झाकण काढलं, "लाव बोट. पंखा वाढवू का?" मी म्हटलं, जावयांचं पिस्तूल आहे, त्यानं... "ते राहू दे. तुझं बोट तीस वर्षांत चुकलं नाही."
ठेवलं. तो मोजू लागला, पूर्वीसारखा, अख्ख्या काठाला ऐकू जाईल असा. एक. दोन. तीन. चारला मी हात झटकून मागं घेतला.
"तापली?"
"तापली. लहान पंखा लाव."
वर बोटावर फुंकर मारली. तीही कळली नाही.
मोटर शाबूत, नंबर तिसरा. र. खूश. पुढच्या रविवारी परत मोजेल.