गुंडूच्या बायकोचा चेहरा

निपाणी

पद्मराज अण्णास, नमस्कार.

तू बेंगळुरास लेकाकडं गेल्यावर आपल्या साप्ताहिकातलं ‘गुंडू गाडीवान’ कॉमिक पडणार, असं मलाबी वाटलं. चित्रं माझी, पण जीव तुझ्या लिखाणात होता.

आता सदलग्याची आपली आक्का लिहितेय. गुंडू तुझाच ठेवलाय, तसाच बढाईखोर. पण परवा तो पाहुण्यांपुढं शर्यतीच्या गप्पा हाणत असताना चुलीपुढची बायको वळून म्हणते, “तुमीच पळालतासा जणू! बैलास्नी रोज खुराक कोन घातला?”

वाचून मी लई हसलो, आणि ब्रश धरून तसाच बसलो. वीस वर्षं ही बाई मी पाठमोरीच काढली. तू तिला कधी बोलतं केलं न्हाईस, म्हणून चेहरा लागलाच न्हाय. आक्काला फोन केला. ती म्हणाली, “आईसारखा काढ की रं.”

काढला. बाजारात लोक गुंडूच्या बायकोचं तेवढंच वाक्य बोलून दाखवायला लागलेत.

कॉमिक पडलं न्हाय, अण्णा. चढलंय. हे लिहायला धीर झाला, पण ही चिठ्ठी टपालात टाकायला होत न्हाय. नुसता तो अंक पाठवतो. अंक मिळाला की चुका काढायला तू फोन करतोसच. या वेळी तुझा फोन आला न्हाय, तर समजीन, तू आईला ओळखलंस.

तुझाच धाकटा,
सन्मती