बाटलीची उंची

आप्पा, परवा मी निवृत्त झाले. सस्तन प्राण्यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात अख्खी नोकरी सरली, आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या परत देताना आठवला तो घोडेगावजवळचा गोठा. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, पण गाव तुम्हाला डॉक्टरच म्हणायचं. मी संगमनेरला बी.एस्सी.ला, सुट्टीत घरी आलेली, आपल्याला सगळं कळतं अशा तोऱ्यात. दुष्काळाच्या आदल्या वर्षी तुम्ही एका बाईंच्या गाईत नळीने बीज सोडलं होतं. गावातला पहिलाच प्रयोग. निम्मं गाव नाक मुरडून होतं. मी विचारलं होतं, बीज गेल्यावर आत वासरू सुरू कशानं होतं? तुम्ही हसलात. "मला न्हाई ठावं. अंडं निजल्यालं आसतंय म्हनं, त्याला उठवावं लागतं. कशानं उठतंय त्ये तू शिक आन् मला सांग."

दिवस भरल्यावर वासरू सुखरूप झालं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाय बसली ती उठेना. मान कुशीकडे वळलेली, कान थंडगार. अंगातलं कॅल्शियम दुधात उतरलं होतं. तुम्ही मानेच्या शिरेत सुई घातलीत, रबरी नळीला कॅल्शियमची बाटली लावून माझ्या हातात दिलीत. "माझ्या खांद्याच्या वर न्यायची न्हाई. जेवढी वर, तेवढं औषध जोरात जातंय. घाई झाली तर काळीज थांबंल तिचं." मग एका हाताने सुई धरून, डोळे मिटून, तुम्ही स्टेथोस्कोपने तिचे ठोके ऐकत बसलात. बाटली उतरता उतरत नव्हती. बाई पदराचं टोक चावत उभ्या. मला वाटलं, कॅल्शियमच तर हवंय हिला, मग एवढं जपून कशाला? पुस्तकात वाचलं होतं ना मी! तुमचे डोळे मिटलेले पाहून मी हात वर नेला. फार नाही, दोन वीत. बाटलीत बुडबुडे भराभर चढायला लागतात, गाय एकदा थरथरते, तुम्ही डोळे उघडता. तोवर मी हात खाली आणलाय. तुम्ही नळी चिमटीत दाबलीत. बराच वेळ तिच्या छातीशी वाकून होतात, पण ऐकायला काही उरलं नव्हतं.

"काय झालं वो डाक्टर?" बाईंनी विचारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग त्यांच्याकडे. "माझंच चुकलं, बाई. ठोका मला येळेवर कळला न्हाई." गाव म्हणालं, नळीनं गाभण केली म्हणून मेली. त्यानंतर तुम्ही कुठल्याच जनावराच्या शिरेत सुई घातली नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि तुम्ही मला पाठीशी घातलंत. त्या समजुतीवर मी बरीच वर्षं निभावून नेली.

अंडं कॅल्शियमनेच उठतं, आप्पा. शुक्राणू आत शिरला की अंड्यात साठलेलं कॅल्शियम सुटतं, लाटेसारखं पसरतं, ओसरतं, जरा थांबून पुन्हा येतं. असं कितीतरी तास. एकदम फार झालं तर अंडं मरतं. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडले. विद्यार्थ्यांनी जरा घाई केली की मी त्यांना फाडून खायची; त्यांना वाटायचं, बाई शिस्तीच्या आहेत.

हे उत्तर सांगायला मी मुद्दाम घरी आले होते. तुम्ही थकला होतात, तरी नीट ऐकून घेतलंत. "म्हंजे आपल्या बाटलीतलंच की," म्हणालात. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "त्या गाईच्या येळंला माझा कान कमी पडला बघ. आजून इचार करतो, कुटला ठोका सुटला." म्हणजे तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आणि मी काय केलं, तर चहा ठेवायला उठले.

तुम्ही आता नाही, हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून लिहिता येतंय. तुमचा कान कमी पडला नव्हता, आप्पा. बाटली मी वर नेली होती.