वीरण्णाचा चहा

प्रिय देविदास,

नवऱ्याचं नाव असं लिहिलं म्हणून सासूबाई रागावतील, तेव्हा त्यांना दाखवू नका. फोनवर तुम्ही नुसतं हाव, हाव करून ठेवून देता, म्हणून लिहून राहिले. इकडं माहेरी, अहमदपुरात सगळं बरं आहे. आई रोज विचारते, जावई कसे आहेत? मी सांगते, लई हिमतीचे आहेत.

खोटं नाही सांगत. मी जेवणात विष कालवते असं तुम्हाला वाटायचं, तेव्हा मी शहाणी तुमच्या ताटातला पहिला घास स्वतः खायचे. नवऱ्याआधी जेवते म्हणून घरात बोलणीही खाल्ली. आणि तुम्ही म्हणालात, हिनं आधीच विषावर उतारा घेतला असणार! काय चिडले होते मी. केळीच्या बागेत जाऊन रडले.

मग तुम्हाला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं, तिथं तुमच्या शेजारच्या खाटेवर उदगीरकडचा वीरण्णा आला. भाऊ चहात काहीतरी टाकतो म्हणून चहाला शिवायचा नाही. तुम्ही त्याला किती मायेनं समजावलंत, अरे बाबा, त्याच किटलीतला तो बी पितो ना? तो म्हणाला, त्यानं उतारा घेतलाय. तुम्ही दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडलात. मला वाटलं, झालं, पुन्हा बिघडलं. संध्याकाळी विचारलंत, सिंधु, माझ्या आधी घास खाताना तुला कसं वाटत होतं गं?

अहो, धडधाकट माणसं जन्मात कधी दुसऱ्याच्या जागी उभी राहून बघत नाहीत. तुमच्या डोक्यात एवढा कल्लोळ, आणि त्यातून तुम्ही माझ्यापर्यंत आलात. डॉक्टरांच्या गोळ्यांचे उपकार आहेतच, पण तो प्रश्न तुमचा होता. मला तुमचा लई अभिमान वाटतो.

आणि आता परवा निरोप धाडलात, अजून कधीकधी तसं वाटतं, ते पुरतं जाईपर्यंत येऊ नको. वा रे वा! तसं वाटतं, पण ते माझ्याच मनाचे खेळ आहेत हेही कळतं, असं तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत ना? मला तेवढं पुरे. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी ताटावरून खुशाल उठा, फक्त मला सांगून उठा. मी थोडी चिडेन, मग आपण बसून बोलू. सोमवारी एसटीनं निघते. आपल्या अर्धापूरच्या स्टँडवर घ्यायला या, आणि मनात शंका असली तर तिलाही सोबत घेऊन या.

तुमचीच,
सिंधु