गोल मारूनही हात खाली

शनिवार, संध्याकाळ. ॲडम्सटाउन

नोकरी पक्की झाली! कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून सईने मला सोडलं होतं. आज मॅचला ती नव्या मित्राबरोबर येणार होती. त्याच्यासमोर नोकरीचं सांगून तिची जिरवायची, असं ठरवूनच गेलो.

आमच्या टीमच्या इंग्लिश स्ट्रायकरने गोल मारला आणि हात खालीच ठेवले.

"अरे, नाच की!" मी ओरडलो.

"गप रे गाढवा," शेजारी बसलेला माझा मित्र ओंकार म्हणाला. "तो आधी त्यांच्याकडेच होता. जुन्या क्लबविरुद्ध गोल मारला की नाचत नाहीत."

दर वर्षी क्लब बदलणारा माणूस. मग हा नाचणार तरी कुठे? गोल मारूनही हात खाली... डोक्यातून जाईना.

मॅचनंतर गेटपाशी ती दोघं भेटली. "कसा आहेस?" सईने विचारलं.

"ग्रँड." इकडे 'मजेत'ला असंच म्हणतात.

बस, एवढंच. नोकरीचं तोंडाशी आलेलं गिळलं. ती हसली.

अजून तशीच हसते.