त्रेचाळीस मुलांना दुप्पट औषध दिल्याचे प्रमाणपत्र

प्रति,
मा. विभागीय बालआरोग्य अधिकारी,
स्वतंत्र बालदवाखाने कक्ष,
दुसरा मजला, खोली क्र. ६

(बंद पाकीट. कृपया स्वतः उघडावे. आवक लिपिकाकडे देऊ नये.)

विषय : दि. ३ ते ११ या नऊ दिवसांत त्रेचाळीस मुलांना चुकीचे औषध न दिल्याबद्दल आलेल्या नोटिशीसंदर्भात मार्गदर्शन मिळणेबाबत.

संदर्भ : १) सुधारणा पत्रक क्र. १४, दि. २
२) माझे पत्र, दि. ३
३) सुधारणा पत्रक क्र. १४-अ, दि. १२
४) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २०

महोदय,

१. अर्जदार गेली सत्तावीस वर्षे लहान मुलांचा स्वतंत्र दवाखाना चालवते. दोन खोल्या आहेत. एकीत मी तपासते, दुसरीत वजनकाटा, लसींचा फ्रिज आणि सिस्टर. हे आपणास लिहून कळवण्याची खरे तर गरज नाही, कारण त्या दुसऱ्या खोलीत आपण स्वतः चार वर्षे माझे सहायक डॉक्टर होता. ज्याला चार वर्षे 'अरे' म्हटले त्याला 'महोदय' लिहिताना पेन अडते. पण अर्जाला अर्जाची रीत असते, म्हणून पाळते आहे.

२. आपल्या कार्यालयाचे सुधारणा पत्रक दरमहा येते. एक पान, मधोमध एक आडवी रेघ. रेघेच्या वर वैद्यकीय सुधारणा, रेघेखाली प्रशासकीय. थोडक्यात वर औषध, खाली फॉर्म. आमच्याकडे पत्रक आले की सिस्टर ते मोठ्याने वाचतात, आणि वरचा मजकूर आधी एका काल्पनिक दहा किलोच्या बाळावर कागदावर करून पाहिला जातो. उत्तर पटले तरच पत्रक भिंतीवर लागते. ते दहा किलोचे बाळ आपणही कित्येकदा मांडले आहे.

३. पत्रक क्र. १४ मध्ये असे होते की, यापुढे तापाचे नवे, दुप्पट तीव्रतेचे औषध वापरावे. सोबत किती मिली द्यायचे याचा तक्ता होता. तक्ता मात्र जुन्या, पातळ औषधाचाच उचलून छापलेला. म्हणजे बाटली नवी आणि माप जुने. सिस्टरांनी दहा किलोचे बाळ मांडले आणि म्हणाल्या, "मॅडम, हे बाळाला द्यायचंय की बैलाला?" एरवी मी हसले असते. तापाचे मूल दिवसातून चार वेळा, तीन-तीन दिवस हे औषध घेते, आणि दुप्पट माप थेट यकृतावर बसते.

४. मी त्याच दिवशी आपणास फोन केला. आपले शब्द मला पाठ आहेत. "मॅडम, चूक झालीय. डोळ्यांत तेल घालून बघायला हवं होतं. तुम्ही आपलं वजनावर हिशेब करूनच द्या. फक्त मला दोन ओळी लेखी पाठवा, म्हणजे वर दाखवता येईल. बाकी मी बघतो." मी दोन ओळींऐवजी दोन पाने लिहिली, आकडेमोडीसह. ओळखीच्या सहा दवाखान्यांनाही फोन करून तक्ता लावू नका म्हणून सांगितले. त्यांपैकी पाच जणांनी 'असं लेखी आलंय का?' एवढेच विचारले.

५. दि. १२ रोजी पत्रक क्र. १४-अ निघाले. तक्ता दुरुस्त झाला. 'विभागाच्या दक्षतेमुळे त्रुटी वेळीच लक्षात आली' असे वर छापले होते आणि त्याखालचा परिच्छेद शब्दशः माझ्या पत्रातला होता. सिस्टरांनी नाक मुरडले. मी नाही. मुले वाचली, श्रेय कुणी का घेईना, असे मी म्हटले आणि ते मनापासून म्हटले.

६. परंतु क्र. १४-अ ने दुरुस्ती केली ती फक्त रेघेच्या वर. रेघेखालचा मजकूर तसाच राहिला. त्यानुसार प्रत्येक दवाखान्याने पत्रक क्र. १४ लागू होते तेवढ्या काळात, म्हणजे दि. ३ ते ११, त्याची अंमलबजावणी केल्याचे प्रमाणपत्र द्यायचे आहे. दि. १८ रोजी आपले निरीक्षक आले. फ्रिजचे तापमान पाहिले, दोनदा पाणी प्यायले आणि प्रमाणपत्र मागितले. ते पत्रक चुकीचे होते, असे मी सांगितल्यावर म्हणाले, "चूक होती ती वरच्या भागात. आम्ही खालचा भाग बघतो." माणूस सरळ होता, त्याच्यावर माझा राग नाही.

७. दि. २० रोजी नोटीस आली. पत्रकाची अंमलबजावणी न केल्याबद्दल येत्या एक तारखेपासून माझा लसीकरण परवाना स्थगित व फ्रिजला सील. पुरावा म्हणून जोडले आहे माझे दि. ३ चे पत्र. वर शेरा : 'अर्जदाराची लेखी कबुली'. खाली आपली सही. जे पत्र आपण मागून घेतलेत, ज्यातला परिच्छेद आपण छापलात, तेच पत्र. मला वाईट वाटले असे लिहिले तर ते फारच कमी होईल. याला आपल्या भाषेत केसाने गळा कापणे म्हणतात, आणि तो माझ्याच दवाखान्यात शिकलेल्या हाताने कापला गेला, हे मी सिस्टरांनाही दोन दिवस सांगू शकले नाही.

८. यावर उपाय काय, हे विचारायला मी आपल्या कार्यालयात आले होते. आपण बैठकीत होता. खिडकीवरच्या बाईंनी आपुलकीने फॉर्म दिला. त्यात नऊ दिवसांतल्या प्रत्येक मुलापुढे क्र. १४ च्या छापील तक्त्याप्रमाणे माप लिहायचे आणि खाली सही करायची. माझी अशी मुले त्रेचाळीस. बाई म्हणाल्या, "करून टाका ना सही. सगळ्यांनी केलीय. कागदावरच तर आहे, मुलं काय कागद पितात?" परंतु पत्रक क्र. १४-अ मध्येच असेही म्हटले आहे की, ज्या मुलास क्र. १४ च्या तक्त्याप्रमाणे औषध दिले गेले असेल त्याची तात्काळ रक्ततपासणी करून अहवाल सादर करावा. म्हणजे सही केली तर त्रेचाळीस धडधाकट मुलांच्या दंडात सुई. नाही केली तर फ्रिजला सील. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही खणली एकाच कार्यालयाने.

९. माझ्या नोंदवहीत आज दोनशे बारा बाळे अशी आहेत की ज्यांच्या काही लसी झाल्या आहेत आणि काही बाकी आहेत. दुसरे केंद्र दोन बस बदलून. तान्हे मूल घेऊन एकदा जातील, पुढच्या तारखेला टाळतील, हे मला ठाऊक आहे आणि आपल्यालाही. म्हणून, लाज वाटते, पण खरे ते लिहिते. मी फॉर्म भरायला बसले. नोंदवही उघडून एकेका मुलापुढे खोटा आकडा लिहीत गेले. तीस मुले झाली.

१०. एकतिसावी नोंद अशी आहे : दि. ७. मुलगी. वय दोन वर्षे चार महिने. वजन ११.२ किलो. ताप. आणणारे : वडील. ते वडील म्हणजे आपण. कार्यालयाची गाडी कोपऱ्यावर ठेवून आपण मागच्या दाराने आलात. त्या दिवशी पत्रक क्र. १४ आपल्या सहीने लागू होते आणि माझे पत्र आपल्या टेबलावर येऊन चार दिवस झाले होते. आपण तक्ता मागितला नाही. मुलीला स्वतः काट्यावर ठेवलेत, पुन्हा उचलून पुन्हा ठेवलेत, वजन सांगितलेत आणि म्हणालात, "मॅडम, तुमच्या पद्धतीनंच द्या." मी दिले. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्याचा आपला फोनही आला.

११. तेव्हा माझे पेन तिथे थांबले आहे.

१२. सबब विनंती की, नोटीस मागे घ्यावी असे माझे म्हणणे नाही. नोंद क्र. ३१ पुढे मी कोणता आकडा लिहावा, दिलेला की छापलेला, एवढेच आपण स्वतःच्या अक्षरात कळवावे. ज्या तक्त्याने आपण आपल्या मुलीचे माप लिहाल, त्याच तक्त्याने मी उरलेल्या बेचाळीस मुलांची मापे लिहीन आणि खाली सही करीन.

उत्तराची वाट तीस तारखेपर्यंत पाहते. त्या दिवशीही दवाखाना नेहमीच्या वेळी उघडेल.

आपली, सवयीने नम्र,

(सही)
बालरोगतज्ज्ञ, स्वतंत्र दवाखाना
दि. २४

सोबत :
१) माझे दि. ३ चे पत्र. मूळ प्रत आपल्याकडे आहेच.
२) प्रमाणपत्राचा फॉर्म. क्र. १ ते ३० खोडलेले, पुढील जागा मोकळी.
३) नोंद क्र. ३१ चे पान जोडलेले नाही. आजारी मुलाचे पान या दवाखान्याबाहेर जात नाही, मग त्याच्या वडिलांनी काहीही केलेले असो.

प्रत : कोणासही नाही.